अहिल्यानं काय खायचं नाही

१ जुलै २००१, रविवार

आणि वर मलाच विचारते, पपईत काय वाईट आहे म्हणून. मागच्या रविवारीही हेच, त्याच्या आधीच्या रविवारीही हेच. मी म्हटलं, बाई, तिसरा महिना चालू आहे, पपई बंद म्हणजे बंद. तर म्हणते, अहो, आपल्या गावात पपईचं झाडच नाही. म्हणजे मुद्दा सोडून बोलायचं. झाड नाही म्हणून बंदी घालायची नाही का? उद्या कुणी लावलं तर?

गावात फोन एकच, भालचंद्र शेठच्या किराणा दुकानात. मी इथे दिल्लीत बूथवरून लावायचा, शेठनं घरी निरोप पाठवायचा, मी दहा मिनिटांनी परत लावायचा. मग अहिल्या धापा टाकत येते, मागून आई येते, शेठ गल्ल्यावर बसलेलाच असतो. नवरा-बायकोचं बोलणं होतच नाही, ग्रामसभा होते. त्यात माझ्यासमोर मीटरचे लाल आकडे पळत असतात. रविवारी अर्धा रेट, तरी पळतातच.

आजपासून ठरवलं. पोर होईपर्यंत सगळं नियमात. अहिल्या जे सोडेल ते मीपण सोडणार. रोज लिहिणार. आणि ही गेस्ट हाऊसची नोकरी टिकवणार. (मामाचं सोनं गाळायचं दुकान चार महिन्यांत सोडलं, त्यावर घरी अजून बोलतात. ॲसिडचा वास त्यांनी घेतलेला नाही.)

५ जुलै, सकाळी ७

चौदा नंबरमध्ये पुण्याच्या एक डॉक्टर बाई उतरल्यात. बाळंतपणाच्याच डॉक्टर. चहा ठेवता ठेवता विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, बायकोचं वजन किती. माहीत नाही. रक्त किती. तेही माहीत नाही. मग तुम्हाला काय माहीत आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, पपई. हसल्या. चांगल्या आहेत.

नाश्त्याच्या मेनू कार्डाच्या मागे त्यांनी लिहून दिलं. वर सात गोष्टी टाळायच्या: कच्ची पपई, न उकळलेलं दूध, अर्धकच्चं अंडं, नीट न शिजलेलं मटण, दारू, मिश्री-तंबाखू, आणि चहा दोन कपांच्या वर नको, जेवणावर तर नकोच. मग एक रेघ. रेघेखाली काय काय खायचं ते लिहिलंय. ते अजून नीट वाचलं नाही. खायला काय, सगळ्यांनाच येतं. न खाणं शिकवावं लागतं.

८ जुलै, रविवार

फोन केला. सातातल्या पाच गोष्टी सांगितल्या. मिश्री नाही सांगितली. आई स्वतः रोज सकाळी दाताला मिश्री लावते आणि डबी सुनेपुढे सरकवते. ती फोनला कान लावून उभी असताना कसं सांगणार, तिला काय वाटेल. शिवाय मिश्री शेठच विकतो. चहाचंही राहू दिलं, कारण मी स्वतः सकाळपासून सात कप घेतले होते आणि मला खोटं बोलता येत नाही.

सातात पाच म्हणजे चांगलंच. शाळेत मला इतके कधी पडले नाहीत.

रेघेखालचं सांगायला लागलो तर मीटर बघून थांबलो. ते पत्रात लिहीन.

पण अहिल्या काय म्हणाली, तर ह्यातलं मी काहीच खात नाही, मग सोडू काय. वाईट वाटलं. आपण इथे पंधराशे किलोमीटरवर. तिचे पाय चेपू शकत नाही, डोक्यावरचा हंडा उतरवू शकत नाही. बापानं काहीतरी करायला पाहिजे ना. दुरून माणूस काय करणार, बंदी तरी घालणार. पण बंदी घालायला तिच्याकडे काही असायला तर पाहिजे.

यादी वाढवणे.

१७ जुलै

किचनमध्ये विषय काढला. विश्वनाथ, आमचा हेड कुक, मालवणचा. पाच पोरांचा बाप, म्हणजे अनुभवी. तो म्हणाला, उष्ण सगळं बंद कर, नाहीतर पोर काळं निघतं. तंदूरवाला म्हणाला, अंडा बिल्कुल नहीं. भांडीवाली म्हणाली, बैंगन. मग तिनं मला विचारलं, बहू को रोटी तो दे रहे हो ना. सगळे हसले. मी हसलो नाही, लिहीत होतो.

एकूण एकोणीस झाल्या.

२२ जुलै, रविवार

आज फोनवर सगळे उष्ण पदार्थ वाचून दाखवले. अंडी, गूळ, तीळ, खजूर, मेथी, शेवगा, शेंगदाणे, बाजरी. बाजरीला आई मध्ये बोलली, अरे विल्या, आपल्याकडे दुसरं पिकतं काय. मी म्हटलं, तांदूळ आणा.

अहिल्या म्हणाली, मला तर सारखा गूळ-शेंगदाणाच खावासा वाटतोय. बघा, नेमकी तीच चूक करायला निघाली होती. वेळेवर फोन केला म्हणून बरं. तिला माहेरी आई नाही, सांगणार कोण.

शेठ चांगला माणूस. त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळं उतरवून घेतलं आणि गल्ल्यामागे टांगलं. म्हणाला, विलासराव, तुम्ही दिल्लीत निवांत झोपा, माझ्या दुकानातून तिला गुळाचा खडा जाणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा शब्द लिहून घेतला.

५ ऑगस्ट, रविवार

आज थंड पदार्थ. केळं, दही, ताक, पेरू, काकडी. विश्वनाथ म्हणतो, यानं पोराला जन्मजात सर्दी होते.

अहिल्यानं विचारलं, उष्ण बंद, थंड बंद, मग खाऊ काय. म्हटलं, मधलं खा. म्हणाली, मधलं म्हणजे काय. तेवढ्यात मीटर सत्तावीसवरून अठ्ठावीसवर गेला. फोन ठेवला.

मधलं म्हणजे काय ते बघून ठेवणे.

१२ ऑगस्ट

मीपण सोडणार असं १ जुलैला लिहिलंय. त्याचा हिशेब. पपई सोडली. फक्त साहेब लोकांसाठी कापताना टोकाचे तुकडे जातात तोंडात, ते कापण्यात धरतात. अंडी सोडली होती, पण तंदूरवाल्याच्या वाढदिवसाला भुर्जी होती. काल चार प्लेट कलेजी उरली. फेकणं बरं दिसत नाही. चहा: यावर नंतर लिहीन.

पण मनानं मी सोडलेलंच आहे. अहिल्याला कळवलं की मीही तुझ्याबरोबर सगळं पाळतोय. म्हणाली, तुम्ही जेवत जा. आवाज तुटत होता तिचा. किंवा लाईन खराब होती.

२६ ऑगस्ट, रविवार

आनंदाची बातमी. अहिल्या यायच्या आधी शेठ म्हणाला, वहिनी हल्ली पाटीवरच्या पेन्सिली नेतात. रोज दोन-दोन.

मला एकदम भरून आलं. मी आठवी नापास, ती सातवी. पोर अजून पोटात, आणि ही अभ्यासाच्या तयारीला लागली. मला बोललीसुद्धा नाही. शेठला म्हटलं, पेन्सिली पाहिजे तेवढ्या द्या, त्याला ना नाही. यादीत पेन्सिल नाहीच.

संध्याकाळी दर्यागंजला जाऊन लाकडी चौकटीची पाटी घेतली. डोहाळजेवणाला जाताना नेईन. सातवा महिना ऑक्टोबरमध्ये. सुट्टीचा अर्ज दिला, मंजूर झाला. आठ दिवस. आजवर एवढी कुणी दिली नव्हती.

९ सप्टेंबर

नोकरी सोडली. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी उलटं सांगायला नको.

सकाळी नाश्त्याला एका साहेबांची मिसेस आली. पोट एवढं. तिनं पपईची प्लेट मागितली. मी म्हटलं, मॅडम, तुमच्या तब्येतीला चालणार नाही. ती म्हणाली, पिकलेली आहे, आणि मी माझ्या डॉक्टरला विचारलंय. मी तरी प्लेट उचलली. माणुसकी म्हणून. ती मॅनेजर अण्णासाहेबांकडे गेली. अण्णासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, तू वेटर आहेस की वैद्य? मी म्हटलं, मी बाप आहे. विश्वनाथला हसू फुटलं. म्हणाला, पंधराशे किलोमीटरवरून आपली सांभाळतोस, आता लोकांच्यापण बायका सांभाळ तू. मी एप्रन टेबलावर ठेवला आणि चालू पडलो.

अण्णासाहेब मागून म्हणाले, अरे सुट्टी मंजूर आहे ना तुझी, माफी माग आणि जा कामाला. पण मी एकदा उठलो की उठलो. हा स्वभाव आहे, याला इलाज नाही.

सुट्टी गेली. घरी सांगितलं नाही. दिल्लीत नोकऱ्यांना तोटा नाही.

२० सप्टेंबर

द्वारकेत सोसायटीत प्रभाताईंकडे स्वयंपाकाला लागलो. मराठी घर. साहेब सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये, जन्म इथेच गेला. राहायला गॅलरीतली खोली. विमानं डोक्यावरून जातात, पण माणसं चांगली.

त्यांची मुलगी उल्का कॉलेजात. बारीक बारीक मराठी शब्द तिला येत नाहीत. मी म्हटलं, ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे डोहाळजेवण. तिनं विचारलं, डोहाळे म्हणजे क्या? सांगितलं, बाईला पोटुशी असताना जे खावंसं वाटतं ते. ते तिला करून घालतात, सातव्या महिन्यात. म्हणाली, अच्छा, सो स्वीट. मग तुमच्या वाइफला काय खावंसं वाटतंय?

कुकर लावायचा होता.

प्रभाताईंनी मेनू कार्ड बघितलं. वरचं वाचलं, खालचं वाचलं, परत खालचं वाचलं. म्हणाल्या, हे खालचं तिला सांगितलंस ना रे? म्हटलं, पत्र लिहितोय. गोळ्या घेते का लोहाच्या? म्हटलं, गोळ्या उष्ण. त्यांनी कपाटातून ताकदीच्या पावडरचा डबा काढून दिला, तिला पाठव म्हणाल्या. पार्सलमध्ये फुटेल. स्वतः नेईन.

२ ऑक्टोबर

पावडर चांगली आहे की भेसळीची ते बघायला डबा उघडला. एक चमचा. चांगली आहे.

९ ऑक्टोबर

डबा उघडा राहिला तर पावडरीचे गोळे होतात. रोज थोडी थोडी वापरतोय.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज डोहाळजेवण झालं. मी मुद्दामच गेलो नाही. प्रभाताई म्हणत होत्या, जा, चार दिवस मी करीन काहीतरी. पण तो बायकांचा कार्यक्रम. मी तिथे जाऊन करणार काय? शिवाय आई पहिला प्रश्न विचारणार, गेस्ट हाऊसचं काय झालं. शिवाय डबा अर्धा झालाय. शिवाय रिझर्वेशन मिळालं नसतं. मिळतं का ते विचारलं नाही.

संध्याकाळी फोन केला. आईनं सगळं सांगितलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, शेजारच्या बायकांनी पाच प्रकार करून आणले. तिळाची पोळी, मेथीची भाजी, अंड्याची कढी, गुळाचा शिरा, शेंगदाण्याची चटणी. आई म्हणाली, एकेक ताट पुढे आलं की मी तुझी यादी म्हणून दाखवायची आणि ताट मागे. पोरगी साधा भात आणि चहा घेऊन उठली बघ. सगळ्या बायका रडल्या, ही रडली नाही.

वाट्या उचलायला दिल्या, पेढा निघाला. म्हणजे मुलगा. पेढा आईनं खाल्ला, कारण खवा यादीत आहे.

अशी शिस्त मी मिलिटरीतसुद्धा ऐकली नाही. अहिल्याला फोनवर शाबासकी दिली. ती म्हणाली, अहो, चालताना डोळ्यांपुढे अंधार येतो. म्हटलं, तुझं पोट पुढे आलंय, खालचं दिसत नसेल. बरं, म्हणाली.

२८ ऑक्टोबर

प्रभाताईंचं काम सोडलं. रोज एकच, पत्र लिहिलंस का, पत्र लिहिलंस का. शेवटी त्याच म्हणाल्या, आण कार्ड, मीच लिहिते. याला टोमणा म्हणतात. माझ्या बायकोला दुसरी बाई पत्र लिहिणार आणि शेठ ते दुकानात वाचून दाखवणार. आपल्याला नाही चालत.

नोएडात एका फॅक्टरीच्या कँटीनला लागलो. दोनशे माणसांच्या पोळ्या. सेक्टरला फक्त नंबर, नाव नाही. अजून पत्ता नीट पाठ नाही.

डबा संपला. रिकाम्या डब्यात पाटीच्या पेन्सिली चांगल्या राहतील.

११ नोव्हेंबर, रविवार

फोन केला. अहिल्या आलीच नाही. शेठ म्हणाला, दुकानापर्यंत चालवत नाही त्यांना, मध्येच ओट्यावर बसतात. तोंड पांढरं पडलंय विलासराव, तुम्ही येऊन बघून जा. म्हटलं, गोरी झाली असेल, उष्ण बंद केल्याचा फायदा. शेठ म्हणाला, तुम्ही या फक्त.

म्हटलं, कँटीन दिवाळीला बंद असेल तर येतो. कँटीन चालू आहे. ओव्हरटाईम.

१८ नोव्हेंबर, रविवार

आई फोनवर आली. एकटीच. मीटर चालू.

अहिल्या बुधवारी, दिवाळीच्या दिवशी, विहिरीवर पडली. नर्सबाईंनी जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. तिथून सांगलीला. रक्त साडेपाच. अकरा-बारा पाहिजे असतं म्हणे. पोटातलं पोर महिन्याच्या मानानं फार बारीक आहे. रक्त चढवतायत. डॉक्टर म्हणाले, आई वाचेल, पोराचं आत्ता सांगता येत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, खाते काय. ती म्हणाली, भात, चहा. सकाळ-संध्याकाळ मिश्री. आणि पेन्सिल.

रक्त कमी पडलं की माती, खडू, पेन्सिल असलं खावंसं वाटतं म्हणे बाईला. आईला माहीत होतं. शेठलाही माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. मी पाटी घेऊन ठेवली.

मी आईला विचारलं, मग बोलली का नाहीस. आई म्हणाली, तू काहीतरी शिकून सांगतोयस असं वाटलं रे विल्या. पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी विचारलं, हे सगळं बंद कुणी केलं. आईनं पुठ्ठा दाखवला. शेठनं तो बरोबर दिला होता, पुरावा म्हणून. डॉक्टर म्हणाले, कोण आहे हा. अहिल्या म्हणाली, दिल्लीच्या मोठ्या डॉक्टर बाईंनी लिहून दिलंय, यांनी नुसतं वाचलं.

माझं नाव नाही घेतलं.

१९ नोव्हेंबर, सकाळी ६

कार्ड शोधलं. पिशवीच्या तळाशी होतं, पाटीखाली. एका बाजूला पोहे, इडली, ऑम्लेट. दुसऱ्या बाजूला डॉक्टर बाईंचं अक्षर. रेघेखालचं आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. अंडी, पालेभाजी, मेथी, शेंगदाणे, गूळ, तीळ, बाजरीची भाकरी, केळं, ताक. लोहाची गोळी रोज, लिंबाबरोबर, चहाबरोबर नाही. मग लिहिलंय, बाकी सगळं खाऊ दे. आणि त्याच्याखाली, रेघ मारून: हे आधी सांगा, वरचं नंतर.

चार महिने पिशवीत होतं.

सुपरवायझरकडे गेलो. सुट्टी मागितली. म्हणाला, तुला येऊन तीन हफ्ते झालेत यार, पगार सात तारखेला. निघून जावंसं वाटलं. एप्रन काढलाही. मग परत बांधला. आता ही नोकरीपण सोडली तर पाठवायला काही नाही.

२० नोव्हेंबर

दुपारी शेठला फोन केला. तो काल सांगलीला जाऊन आला. म्हणाला, वहिनी बोलतात, पण हळू. पोर अजून हलतंय असं नर्स म्हणाली. दिवसातून एक-दोनदा.

म्हणाला, तुमच्यासाठी निरोप आहे. काय? तर डॉक्टर रोज एक अंडं खा म्हणतायत. ताटात आणून ठेवतात. त्या खात नाहीत. म्हणतात, आधी यांना विचारा, खाऊ का.

मीटर पळत होता. कितीवर होता ते बघितलं नाही. शेठला म्हटलं, आजच कळवा, खा म्हणावं.

पोस्टात गेलो. मनीऑर्डरचा फॉर्म घेतला. निरोपाला खाली जेमतेम दोन ओळींची जागा. कार्डावरचं सगळं लिहायला बसलो, अंडी लिहिलं, पालेभाजी लिहिलं, जागा संपली. फॉर्म फाडला, दुसरा घेतला. त्यावर नुसतं लिहिलं, खा. सगळं खा.

पैशासाठी पाटी परत द्यायला गेलो होतो, दुकानदारानं घेतली नाही. खिशात होतं ते काढलं. बसचे बाजूला ठेवले, मनीऑर्डरचं कमिशन दिलं.

रक्कम अक्षरी: एकशे चाळीस रुपये फक्त.